संगणकाच्या किल्ल्या : माणसाच्या आणि प्रोग्रामच्या

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील अनेक मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करीत आहेत. कळंब, भूम, परंड्याकडची मुले बहुधा पुण्याची वाट धरतात. उमरगा, नळदुर्गकडच्यांना हैदराबादही जवळचे वाटते. सणासुदीला ही मंडळी गावी आली की त्यांच्या बोलण्यात काही नवे शब्द येतात. त्यांपैकी दोन शब्द अलीकडे वारंवार कानावर पडू लागले आहेत. एक 'प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस मॅनेजमेंट', म्हणजे थोडक्यात 'पॅम'. आणि दुसरा 'सीक्रेट्स मॅनेजमेंट'. कंपनीने या दोहोंपैकी कशावर पैसा खर्च करावा, यावर वाद चालतात आणि नव्याने लागलेल्या मुलाला त्यातले काहीच उमगत नाही. मुलाखतीतही हा प्रश्न विचारला जातो, असे ही मुले सांगतात.

आम्ही काही संगणक अभियंते नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलो. परंतु किल्ल्या, सह्या आणि नोंदवह्या यांच्यातच आमची वीस-बावीस वर्षे गेली आहेत, आणि हा सगळा विषय मुळात किल्ल्यांचाच आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांसाठी व सभासद बंधू-भगिनींसाठी तो साध्या भाषेत मांडत आहोत.

बँकेच्या स्ट्राँग रूमपासून सुरुवात करू. ती एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार हलत नाही. कॅशिअर रजेवर गेला तर किल्ली कोणाकडे, किती वाजता सोपवली, याची रजिस्टरला दोघांची सही होते. किल्ल्यांचा दुसरा संच त्याच शाखेत ठेवीत नाहीत. तो सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात. या व्यवस्थेत माणसावर अविश्वास आहे असे कोणी समजू नये. उलट काही कमी-जास्त झालेच तर निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखविता यावे, हाच तिचा मोठा उपयोग आहे. रजिस्टर नसते तर पहिला संशय नेहमी खालच्या माणसावरच गेला असता.

पॅम म्हणजे हीच व्यवस्था संगणकावर आणलेली. कोणत्याही संस्थेत काही खाती अशी असतात की ज्यांच्या हाती ती आली त्याला काहीही करता येते. सर्व्हरचा 'रूट', डेटाबेसचा 'ॲडमिन', नेटवर्कच्या यंत्रांचा सर्वाधिकारी ही अशी खाती. सामान्य कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीस गेला तर एका टेबलाचे नुकसान होते. या खात्यांचा गेला तर सगळ्या इमारतीचे. पॅममध्ये या खात्यांचे पासवर्ड एका बंदिस्त तिजोरीत ठेवतात. ज्याला काम करावयाचे आहे तो अर्ज करतो, वरिष्ठ मंजुरी देतो, आणि ठरावीक वेळेपुरतेच दार उघडते. चांगल्या व्यवस्थेत तर त्या माणसाला पासवर्ड दिसतही नाही. पॅमच मधे राहून त्याला सर्व्हरपर्यंत नेऊन सोडते. त्याने तेथे काय टंकले, पडद्यावर काय पाहिले, याचे चित्रीकरण होते. काम संपले की पासवर्ड आपोआप बदलतो. इस्रायलमध्ये उदयास आलेली सायबरआर्क, तशीच बियाँडट्रस्ट, डेलिनिया या कंपन्या या कामासाठी ओळखल्या जातात. आपल्याकडे मुंबईची आर्कॉन आणि झोहोचे मॅनेजइंजिन ही नावे आहेत.

आता दुसऱ्या प्रकारची किल्ली पाहू. नवरात्रात तुळजापूरला मध्यरात्री एखादा भाविक एटीएममध्ये कार्ड घालतो. एटीएम ते स्विच नावाच्या यंत्राला कळविते, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला शिल्लक विचारते, तेथून होकार येतो आणि नोटा बाहेर पडतात. या सगळ्या साखळीत एकही माणूस जागा नाही. तरीही प्रत्येक यंत्राला पुढच्या यंत्रापाशी 'मी अमुक' हे पटवून द्यावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ एक गुप्त किल्ली असते. येथे अर्ज कोण करणार, मंजुरी कोण देणार आणि रजिस्टरला सही कोणाची घेणार? यंत्रायंत्रांमधल्या अशाच गुप्त गोष्टींना सॉफ्टवेअरवाले 'सीक्रेट' म्हणतात. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस पाठविणाऱ्या सेवेची एपीआय की, पेमेंट गेटवेचे टोकन, प्रमाणपत्राची खासगी किल्ली हे सारे त्यात आले. एखाद्या मध्यम कंपनीत माणसे शंभर असली तर अशा किल्ल्या हजारांनी असू शकतात. त्या कोठे ठेवायच्या, कोणत्या प्रोग्रामला कोणती द्यायची, केव्हा बदलायच्या, ही व्यवस्था म्हणजे सीक्रेट्स मॅनेजमेंट.

म्हणजे फरक ओळखण्याची पहिली खूण सोपी आहे. दाराशी उभा कोण आहे, माणूस की प्रोग्राम? माणूस असेल तर पॅम, प्रोग्राम असेल तर सीक्रेट्स मॅनेजमेंट. परंतु इतक्यावर हा विषय संपला असता तर कंपन्यांत वाद झालेच नसते.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाचे रोजचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे, कारण खरा धोका तेथेच आहे. त्याला डेटाबेसला जोडणारा कोड लिहावयाचा असतो. पासवर्ड कोठेतरी द्यावाच लागतो. घाई असते, म्हणून तो तात्पुरता कोडमध्येच लिहितो. काम चालू होते. संध्याकाळी तो सगळा कोड गिटमध्ये जमा करतो, आणि 'तात्पुरता' पासवर्ड कायमचा होऊन बसतो. गिट म्हणजे काय हे आमच्या व्यवसायातल्या मंडळींना सांगावयाचे तर ते लेजर आहे. लेजरमध्ये चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत. आडवी रेघ मारून, सही करून खाली नवी नोंद करतात, आणि जुनी नोंद वाचता येतच राहते. गिटचेही तसेच. दुसऱ्या दिवशी लक्षात आले म्हणून पासवर्डची ओळ काढून टाकली, तरी आदल्या दिवशीच्या पानावर ती शाबूत असते. पाने उलटणाऱ्याला ती सापडते. आणि सार्वजनिक गिटहबवर अशी पाने उलटणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. क्लाउडची किल्ली तेथे पडली तर काही मिनिटांत तिचा वापर सुरू होऊ शकतो, आणि महिनाअखेरीस आलेले बिल पाहून मालकाचे डोळे पांढरे होतात.

हे केवळ नवशिक्यांच्या हातून घडते असेही नाही. जपानच्या टोयोटा कंपनीची 'टी-कनेक्ट' नावाची सेवा आहे. तिच्या संकेतस्थळाचे काम ज्या कंत्राटदाराकडे होते त्याने डिसेंबर २०१७ मध्ये कोडचा काही भाग गिटहबवर सर्वांना दिसेल असा ठेवला. त्यात ग्राहकांची माहिती असलेल्या सर्व्हरची किल्ली होती. ही गोष्ट उघडकीस आली सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षे किल्ली चावडीवर टांगलेली होती म्हणा ना! २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. उबर कंपनीचे २०१६ मधले प्रकरण तर याहून मोठे. तेथे कोड खासगी कोठारात होता, सार्वजनिक नव्हता. पण चोरांनी त्या कोठारात शिरकाव केला आणि आत त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली लिहिलेली सापडली. जगभरातील ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये बाहेर आले, आणि कंपनीच्या तत्कालीन सुरक्षा प्रमुखाला २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने दोषी ठरविले. 'आमचे कोठार खासगी आहे, मग भीती कशाची?' असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

सीक्रेट्स मॅनेजर वापरला की हे कसे बदलते? कोडमध्ये किल्ली लिहायची नाही, फक्त किल्लीचे नाव लिहायचे. प्रोग्राम सुरू झाला की तो त्या तिजोरीला विचारतो, आपली ओळख देतो आणि किल्ली घेतो. हॅशिकॉर्पची व्हॉल्ट ही या प्रकारातली प्रसिद्ध वस्तू २०१५ मध्ये आली. ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडमध्येही अशा सेवा आहेत. हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यावर जुन्या मुक्त आवृत्तीवरून काही मंडळींनी ओपनबाओ नावाचा प्रकल्प चालू केला. तो विनामूल्य असल्याने विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी सोयीचा आहे.

याहून पुढची पायरी आहे ती आम्हाला फार आवडते. काही तिजोऱ्या ठेवलेली किल्ली काढून देत नाहीत, मागणी आली की नवी घडवून देतात. प्रोग्रामने डेटाबेस मागितला की त्याच्यापुरते एक नवे नाव व नवा पासवर्ड तयार होतो, तो समजा एक तास चालतो, आणि तासाने ते खातेच नष्ट होते. चोराच्या हाती किल्ली लागली तरी तोवर कुलूप बदललेले असते. आमच्या स्ट्राँग रूमला अशी सोय कधीच करता आली नसती.

येथे एक इशारा. कुबर्नेटिस नावाच्या प्रणालीत 'सीक्रेट' या नावाचीच एक वस्तू असते, आणि नावावर जाऊन मुले फसतात. तेथे पासवर्ड बेस-६४ पद्धतीने लिहिलेला असतो. तो डोळ्यांना अगम्य दिसतो, पण ते कुलूप नव्हे. जुना कागद मोडीत लिहिलेला असावा तसे ते आहे. ज्याला मोडी येते तो सरळ वाचून दाखवितो. तेथे वेगळे एन्क्रिप्शन चालू करावे लागते आणि ते वाचण्याचे अधिकारही मोजक्यांनाच द्यावे लागतात.

आता पॅमच्या बाजूची उदाहरणे. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहेत आणि आमच्या व्यवसायातली आहेत. १९०६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतील एटीएममधून या बँकेच्या नकली कार्डांवर पैसे काढले गेले. भारतातही काही ठिकाणी काढले गेले. त्यात आपले कोल्हापूर होते. १३ ऑगस्टला स्विफ्ट प्रणालीवरून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. युक्ती अशी होती की एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. चोरांनी मधे बनावट स्विच उभे केले होते, आणि 'द्या पैसे' असा होकार तेच देत होते. ग्राहकांच्या खात्यांना हात लागला नाही. नुकसान बँकेचे झाले. पैसे काढणाऱ्या साखळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शिक्षा ठोठावली. तथापि ती प्यादी होती, सूत्रधार परदेशात.

विद्यार्थ्यांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे, की स्विचच्या मार्गात नवे यंत्र उभे करणे हे खिडकीवरच्या कारकुनाच्या अधिकारातले काम नसते. अशा ठिकाणचे अधिकार कोण वापरतो आहे, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने, यावर पहारा हवा. पॅमचा पहारा तो हाच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे प्रकरण उघडकीस आले होते. तेथे बाहेरच्या चोराची गरजच पडली नाही. स्विफ्टवरून हमीपत्रे जात होती आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती, कारण या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. रक्कम हजारो कोटींत गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही प्रणाली जोडण्याची मुदत दिली. वास्तविक रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या सायबर सुरक्षेच्या परिपत्रकातच सर्वाधिकारी खात्यांवर नियंत्रण ठेवावे, त्यांच्या वापराची नोंद व देखरेख करावी, असे बँकांना सांगितले होते. नागरी सहकारी बँकांसाठी वेगळी चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी आली, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी. तेव्हा बँकेत किंवा बँकेसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तर पॅमची गाठ पडणारच, हे गृहीत धरावे.

मग प्रोग्रामरलाही पॅमच का देऊ नये? एकच तिजोरी, एकच खर्च. व्यवस्थापनाला हा विचार आकर्षक वाटतो, आणि पॅम विकणारे प्रतिनिधीही तसे सांगतात. आमच्या मते येथेच फसगत होते. पॅम माणसाच्या गतीने चालते. अर्ज, मंजुरी, पासवर्ड बाहेर काढणे, परत ठेवणे. दिवसातून एकदोनदा सर्व्हरवर जाणाऱ्या ॲडमिनला ते जमते. पण आजचे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. एखादा कंटेनर जन्मतो, पाच मिनिटे काम करतो आणि नाहीसा होतो. रात्री दोन वाजता भार वाढला म्हणून वीस नवे कंटेनर उभे राहिले, तर त्यांच्या अर्जावर सही करायला कोणाला उठवणार? प्रोग्रामरला प्रत्येक वेळी अर्ज करायला लावले, तर तिसऱ्या दिवशी तो पासवर्ड स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून ठेवील. म्हणजे तिजोरी आहे, रजिस्टर आहे, आणि किल्ली मात्र उशीखाली!

उलटही तितकेच खरे. नुसता सीक्रेट्स मॅनेजर असला तर किल्ली कोणत्या प्रोग्रामने केव्हा नेली हे कळते. पण माणूस सर्व्हरवर बसून काय करून गेला याचे चित्रीकरण त्यात नसते. शिवाय त्या मॅनेजरचाही कोणीतरी सर्वाधिकारी असतो. त्याला सगळ्या किल्ल्या वाचता येत असतील, तर आपण सगळ्या घरांच्या किल्ल्या एका खोलीत आणून त्या खोलीची किल्ली एका माणसाच्या खिशात घातली, एवढेच झाले.

या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी दिसतात त्या पुन्हा उबरच्याच प्रकरणात, मात्र सप्टेंबर २०२२ च्या. एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला. मोबाइलवर मंजुरी मागणारे संदेश चोराने इतके पाठविले, की त्या माणसाने शेवटी एक मान्य केला. आत गेल्यावर, चोराने स्वतः जे सांगितले त्यानुसार, त्याला एका सामाईक फोल्डरमध्ये पॉवरशेलची स्क्रिप्ट सापडली, आणि तिच्यात कंपनीच्या पॅम प्रणालीच्या ॲडमिनचे नाव व पासवर्ड लिहिलेला होता. ज्या तिजोरीत सर्वांच्या किल्ल्या होत्या तिचीच किल्ली कोणीतरी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली होती. पॅम विकत घेतले होते, चालूही होते. पण प्रोग्रामच्या पोटातली किल्ली सांभाळण्याची शिस्त नव्हती, म्हणून पॅमचे दार आतून उघडले.

तेव्हा निवड कशी करावी? काही मंडळी 'दोन्ही घ्या' म्हणून मोकळी होतात. ते उत्तर चुकीचे नाही, पण उपयोगाचेही नाही, कारण पैसा आणि माणसे मर्यादित असतात आणि आधी काय, हे ठरवावेच लागते.

पुण्यातली दहा-पंधरा मुलांची कंपनी घ्या. स्वतःचे सर्व्हर नाहीत, सगळे क्लाउडवर. अशा ठिकाणी आधी सीक्रेट्स मॅनेजमेंट, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण त्यांच्याकडे सर्वाधिकारी माणसे दोन-तीनच असतात. त्यांच्या खात्यांना दोन पायऱ्यांची ओळख लावली, रोजच्या कामाचे खाते व ॲडमिनचे खाते वेगळे ठेवले, तर पॅमवाचूनही बराच काळ निभावते. कोडमधली किल्ली मात्र एक दिवसही निभावत नाही. जेथे जुने सर्व्हर आहेत, बाहेरच्या कंपन्यांचे इंजिनिअर दुरुस्तीसाठी येतात-जातात, ॲडमिनचे पासवर्ड दहा जणांना माहीत आहेत, अशी बँक, साखर कारखाना किंवा मोठे रुग्णालय असेल तर तेथे आधी पॅम. तेथे माणसांची ये-जा हाच मोठा धोका आहे. आणि मोठी सॉफ्टवेअर कंपनी असेल तर दोन्ही, परंतु एकाला दुसऱ्याचे काम सांगू नये. सायबरआर्कने २०१७ मध्ये कॉन्जर नावाचे सीक्रेट्सचे साधन असलेली कंपनीच विकत घेतली होती. पॅमच्या कंपनीलाही या कामासाठी निराळे साधन लागले, यातच काय ते आले.

या दोन व्यवस्थांच्या सीमेवर एक यंत्र उभे असते त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. कोड गोळा करून, तपासून तो सर्व्हरवर चढविणारे हे यंत्र. जेंकिन्स हे त्यासाठीचे प्रसिद्ध साधन. ते प्रोग्रामही आहे आणि त्याला सर्वत्र जाण्याचे अधिकारही आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यातून तात्पुरते अलग केले. ही कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा देते. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्या दिवशी अडले. क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेच्या अहवालात हल्ल्याचा उगम एका पुरवठादाराच्या नीट न बसविलेल्या जेंकिन्स सर्व्हरमध्ये दाखविला आहे. कोठल्या तरी शहरात एका यंत्राची मांडणी चुकते आणि गावातल्या पेन्शनरला दुकानदाराला यूपीआयने पैसे देता येत नाहीत, इतके हे सारे एकमेकांत गुंतले आहे. अशा यंत्रात कायमच्या किल्ल्या ठेवू नयेत. प्रत्येक कामापुरते अल्पजीवी टोकन मिळण्याची सोय आता मोठ्या क्लाउडमध्ये आहे, ती वापरावी.

एक शंका हुशार विद्यार्थी हमखास काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. प्रोग्रामला तिजोरीतून किल्ली घ्यावयाची, तर तिजोरीला ओळख देण्यासाठी आणखी एक किल्ली लागणार. ती कोठे ठेवायची? इंग्रजीत याला 'सीक्रेट झिरो' म्हणजे शून्यावी किल्ली म्हणतात. याचे उत्तर बरेचसे आमच्या डुप्लिकेट संचासारखेच आहे: ती किल्ली जेथे वापरायची तेथे ठेवायचीच नाही. प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र क्लाउड कंपनीने स्वतः उभे केलेले असते, म्हणून 'हा अमुक यंत्रावरचा अमुक प्रोग्राम' असा दाखला तीच देते, आणि तिजोरी तो दाखला तपासते. तलाठ्याचा दाखला नसता तर प्रत्येकाने आपणच आपला रहिवास सांगितला असता, तसेच हे.

आता थोडे आपल्या तालुक्याच्या पातळीवर. पतसंस्था, शाळा, खासगी दवाखाने यांनी सॉफ्टवेअर कोणाकडून तरी घेतलेले असते. बिघाड झाला की त्या कंपनीचा मुलगा दुरूनच संगणकात शिरतो. आम्ही एका ठिकाणी पाहिले, की त्यासाठीचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला होता आणि तो मुलगा नोकरी सोडून गेल्यावरही वर्षभर तोच चालू होता. तेथे लाखो रुपयांचे पॅम बसविणे शक्य नाही, आणि गरजही नाही. दुरून शिरण्याची सोय एरवी बंद ठेवावी, फोन आल्यावर चालू करावी, काम होईपर्यंत आपला माणूस समोर बसावा, वहीत तारीख, वेळ, नाव व काम लिहावे, आणि नंतर पासवर्ड बदलावा. दोनशे पानी वहीत मावणारे हे पॅमच आहे.

विद्यार्थ्यांनी शिकतानाच काही सवयी लावून घ्याव्यात. प्रकल्पासाठी किल्ल्या लागल्या तर त्या '.एन्व्ह' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्या आणि ती फाइल '.गिटइग्नोर'मध्ये पहिल्याच दिवशी, पहिल्या कमिटच्या आधी नोंदवावी. ही शेवटची सोय नव्हे, पण सुरुवातीला पुरते. गिटलीक्ससारखे विनामूल्य साधन आपल्याच कोडवर चालवून पाहावे. तीन वर्षांपूर्वीच्या प्रकल्पातून काय काय निघते ते पाहण्यासारखे असते! गिटहबने सार्वजनिक कोठारांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून ओळखीच्या नमुन्याची किल्ली दिसली तर कोड अडविण्याची सोय आपणहून चालू केली आहे. ती साधा पासवर्ड मात्र नेहमीच ओळखत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये. चाचणीची किल्ली आणि खऱ्या कामाची किल्ली कधीही एक असू नये. व्हॉट्सॲपच्या गटात किल्ली पाठवू नये, 'लगेच डिलीट करतो' असे सांगून तर मुळीच नाही.

एवढे करूनही किल्ली बाहेर गेलीच तर कामांचा क्रम महत्त्वाचा असतो. बहुतेक जण आधी गिटमधली ओळ पुसायला धावतात. तसे करू नये. प्रथम ती किल्ली रद्द करावी व नवी घ्यावी, कारण पुसण्याच्या आधीच कोणी ती उतरवून घेतलेली असू शकते. मग त्या किल्लीने कोठे कोठे प्रवेश झाला याची नोंद तपासावी. अनोळखी यंत्रे, नवी खाती दिसतात का पाहावे. त्यानंतर गिटचा इतिहास साफ करावा. आणि हे सगळे चालू असतानाच वरिष्ठांना लेखी कळवावे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती कळविण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा तासांतले चार तास भीतीपोटी लपविण्यात गेले, तर उरलेल्या दोनांत कंपनीला फारसे काही करता येत नाही. वेळ घालून ई-मेल पाठविलेल्या मुलाजवळ निदान आपली बाजू सांगणारा कागद असतो.